यादी लावू नका, मी लावली होती

जिन्यातले दिवे बंद करा म्हणून नोटिसा लावून थकलात आणि आता कोणत्या घराने विजेचे किती युनिट वापरले याची यादी लिफ्टपाशी लावायचा विचार आहे, हे वाचून पोटात गोळाच आला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असताना मी अगदी हेच केलं होतं. एलईडी, टायमर वगैरे तुमचं झालंच असेल, त्यात शिरत नाही.

यादी मी मोठ्या हौसेने उतरत्या क्रमाने केली, वरच्या तीन घरांखाली लाल रेघ. दुसऱ्या दिवशी पहिल्या नावापुढे कोणीतरी बॉलपेनने भलंमोठं उद्गारचिन्ह काढलेलं. मला गंमत वाटली. संध्याकाळी त्या घरच्या वहिनी दारात उभ्या. "बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद करू का?" एवढंच विचारलं आणि गेल्या. ते मशीन म्हणजे 5 लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, साधारण 350 वॅट खातं, म्हणजे दिवसरात्र चाललं तर रोज आठेक युनिट. आधी दार वाजवलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. यादी त्याच रात्री फाडली, पण त्या घरातलं कोणी वर्षभर मीटिंगला फिरकलं नाही. आणि त्यांच्यामागे आणखी चार घरं.

वर कहर म्हणजे यादीच्या तळाशी होते त्यांचा वापर पुढच्या महिन्यात वाढला! "आपण तर सगळ्यांत कमी, मग जीव कशाला मारायचा," असं एकाने तोंडावर सांगितलं. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस इथे असाच प्रयोग झाला होता (2007 साली प्रसिद्ध झाला), तो माझ्या वाचनात फार उशिरा आला. शेजाऱ्यांची सरासरी कळवल्यावर जास्त वापरणारे खाली आले, कमी वापरणारे मात्र वर सरकले. कमीवाल्यांच्या चिठ्ठीवर नुसता हसरा चेहरा काढला तर ते जागच्या जागी राहिले. आणि चिठ्ठी ज्याची त्याच्या दाराला, चव्हाट्यावर नाही. आकडे द्यायचेच असतील तर असे द्या.

माझं मत विचाराल तर लोकांच्या घरात सध्या डोकावूच नका, आधी कॉमन मीटर बघा, म्हणजे जिना, लिफ्ट, पंप यांचा सामाईक. (मी इलेक्ट्रिशियन नाही, पॅनेलला हात लावायला जाणकारच बोलवा.) मागच्या वर्षभराचे आकडे मिळवायला मी वीज कंपनीच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. प्रत्येक वेळी खिडकी वेगळी, अर्ज वेगळा, आणि शेवटी "बिलं जपून ठेवायला काय झालं होतं?" जाऊ दे. स्वतःच रीडिंग घ्या, रात्री 11 ला आणि सकाळी 6 ला.

आमच्याकडे त्या सात तासांत 14 युनिट पडत होते. जिन्यात 20 वॅटच्या 12 ट्यूब, त्यांचे दोन युनिटसुद्धा होत नाहीत. लिफ्ट रात्री जवळपास उभीच. मग एका रात्री गच्चीवर गेलो तर टाकी भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी धो धो गटारात. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच अडकलेला. 5 एचपीचा पंप तासाला चार युनिटच्या वर ओढतो आणि तो टायमरवर तीन तास नुसताच चालत होता. आणि मी सहा महिने लोकांना दिव्यांवरून टोचत होतो! पंप नीट झाल्यावर मीटररूमच्या दारावर रोजचा कॉमनचा आकडा खडूने लिहायला लागलो. सूचना नाही, नाव नाही. पंधरवड्यात लोक थांबून विचारायला लागले, काल जास्त का आला? ज्यांनी नोटिसा कधी वाचल्या नाहीत तेच.

जाता जाता, जिन्यात माणूस आला की दिवा लावणारे सेन्सर लावलात तर दिवा चालू राहायची वेळ दोन मिनिटांखाली ठेवू नका. गुडघे दुखणारा माणूस मधल्या वळणावर अंधारात सापडला की सेन्सरवर टेप चिकटलीच म्हणून समजा.

तुमच्या मीटररूमची किल्ली कोणाकडे असते? वॉचमनकडे असेल तर रात्रीचं रीडिंग तोच घेईल.