आधी हात ओळखीचे होऊ द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मराठवाड्यातल्या संस्थेतून आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन टेक्ससला आणलात, त्याला पाच आठवडे झाले. बाबांशी हसतो-खेळतो, तुम्ही जवळ घेतलंत की अंग चोरतो, परवा 'तू माझी आई नाहीस' म्हणाला. उशीखाली बिस्किटं सापडतायत, रात्री झोप नाही. आपलं काही चुकतंय का आणि महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला त्याला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

आमची लेक नऊ वर्षांची असताना विदर्भातल्या एका संस्थेतून न्यू जर्सीला आली. आता ती कॉलेजात आहे. पुढचं सगळं तिला विचारूनच लिहितेय.

तो बोलला ते त्याच्या परीनं खरं आहे. दत्तकासाठी पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतात, तेव्हा त्यानं 'हो' म्हटलं असणार. पण तो होकार फोटोतल्या आणि व्हिडिओ कॉलवरच्या दोन माणसांना होता. त्यापायी संस्थेत रोज सांभाळणाऱ्या ताई, शेजारच्या गादीवरचा दोस्त, संध्याकाळची प्रार्थना हे सगळं एका दिवसात सुटेल, हे त्याला कुठं ठाऊक होतं? पहिले काही आठवडे मुलं पाहुण्यासारखी शहाणी वागतात. मग पाहुणपण संपतं आणि रडू बाहेर येतं. ते रडू तुमच्यावर निघतंय, कारण समोर तुम्ही आहात.

बाबा चालतात आणि आई नको, हे आमच्याकडेही झालं. संस्थेत सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच. जीव लावतात, मग कुणी नोकरी सोडतं, कुणाचं लग्न होतं. बाईमाणूस आपलं होतं आणि निघून जातं, हे या मुलांनी पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं. तेव्हा प्रेम मागू नका, मिठी मागू नका. खायला देणं, केस पुसणं, औषध, बुटांचे बंद, एवढं मात्र काही महिने तुमच्याच हातून होऊ द्या. त्यानं बाबांकडे दूध मागितलं तर बाबांनी 'चल, आईकडून घेऊ' म्हणून सोबत यावं. मदतीला आलेल्या आजी-आजोबांनीसुद्धा तुम्हाला स्वयंपाकात मदत करावी, भरवण्याचं काम तुमच्याकडेच ठेवावं. आजींना वाईट वाटेल, पण हे पाळाच.

आमच्याकडे हीटरच्या कोरड्या हवेनं तिच्या टाचा फुटल्या होत्या. रोज रात्री मी व्हॅसलीनची डबी घेऊन तिच्या पायाशी बसायचे. ती भिंतीकडे बघत राहायची, पाय लाकडासारखा ताठ. मी दोन टाचा चोळायचे, मोजे चढवायचे, दिवा घालवायचे. बोलणं काही नाही. चौथ्या महिन्यात एका रात्री मी डबी उघडायच्या आधीच तिनं पाय पुढे केला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

खाणं लपवण्यावर मी चूक केली होती. तिच्या मोज्यांत पोळीचे वाळलेले तुकडे सापडले, ते काढून टाकले आणि 'इथं भरपूर आहे गं' असं प्रेमानं समजावलं. त्या रात्री ती उलटी होईपर्यंत जेवली. नंतर पलंगाशी तिच्या नावाचा डबा ठेवला: चिवडा, खजूर, एक केळं. रोज सकाळी तिच्यादेखत पुन्हा भरायचा, किती खाल्लं ते विचारायचं नाही. आठ-नऊ महिन्यांनी डबा तसाच भरलेला राहू लागला.

झोपेचं म्हणाल तर, वेगळी सजवलेली खोली हे आपलं स्वप्न असतं. तो हॉलमध्ये पंधरा-वीस मुलांच्या श्वासाच्या आवाजात झोपायचा. शांत, अंधाऱ्या खोलीत एकट्याला भीतीच वाटणार. आम्ही आमच्याच खोलीत जमिनीवर गादी टाकली, सहा महिने. पुढे ती स्वतःहून तिच्या खोलीत गेली.

आपल्या घरांना एक मोठा फायदा आहे: भाषा. दुसरी भाषा बोलणाऱ्या घरात गेलेलं मूल काही महिन्यांतच स्वतःची भाषा विसरू लागतं आणि नवीही अजून आलेली नसते. तुमच्या मुलाला रात्री पोट दुखलं तर सांगता येतं. पण ही भाषा जपताना आपणच ती मोडतो. आमची लेक म्हणायची, 'मले भूक नाही.' मी सहज 'मला' म्हणून दुरुस्त करायचे. दोन आठवड्यांत ती बोलायचीच कमी झाली. तुमचा मुलगा 'का'ऐवजी 'कामून' म्हणाला तर तुम्हीही 'कामून' म्हणा. शाळेत प्रमाण मराठीचं काम पडणारच नाहीये.

इंग्रजीची घाई नको. खेळण्यापुरतं एक-दोन वर्षांत येतं, अभ्यासाचं यायला पाच ते सात वर्षंही लागतात. शिक्षकांना हे आधीच सांगा, नाहीतर वर्गमित्रांशी फाडफाड बोलतो आणि गणिताची उदाहरणं समजत नाहीत, म्हणून आळशी ठरतो. कागदावरची जन्मतारीख अंदाजे असेल तर खालची इयत्ता मागायला संकोच करू नका. डॉक्टरांकडून लसी, क्षयरोग, जंत, रक्तातलं शिसं आणि दात तपासून घ्या. मुलगी असलेल्यांनी हेही लक्षात ठेवा: भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या अभ्यासात पाळी लवकर आल्याचं दिसलं होतं. आमच्या डॉक्टरांना हे मलाच सांगावं लागलं.

पाडव्याला मंडळात नेऊ नका, यंदा तरी. शंभर काकू गाल ओढतील, 'किती नशीबवान आहेस बाळा' म्हणतील. या मुलांनी ते वाक्य ऐकायची काहीच गरज नाही. गुढी घरीच उभारा, गाठी त्यालाच बांधू द्या.

कारामार्फत, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत, झालेल्या परदेशी दत्तकात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी अहवाल जातो. बहुतेक जण त्यासाठी 'सगळं छान' सांगतात, मीही पहिल्या वेळी तसंच सांगितलं. असं करू नका. अहवाल करणाऱ्या सोशल वर्करला उशी, बिस्किटं, 'तू आई नाहीस', सगळं सांगा. मोठी मुलं दत्तक घेतलेल्या घरांबरोबर काम करणारा समुपदेशक त्यांच्याकडूनच मिळतो. आणि तुमच्याबद्दलही सांगा. मला पहिले काही महिने ती आवडत नव्हती. हे लिहायला आजही जड जातं. जेवण जात नव्हतं, बाथरूममध्ये दार लावून बसायचे. बाळंतपणानंतर येतं तसं नैराश्य दत्तकानंतरही येतं, आणि त्यावर उपचार आहेत. मी घेतले.

शेवटचं, संस्थेतल्या ताईंशी त्याचं बोलणं तोडू नका. फोन केला की तो दिवसभर बिथरतो, म्हणून बंद करायचा मोह होईल. आम्ही दीड महिना बंद ठेवला होता आणि तिला वाटलं ताई वारल्या. संस्थेला विचारून शनिवारची वेळ ठरवा. आता उन्हाळी वेळ लागली की तुमचे सकाळचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा, मुलांचं चहा-खाणं झालेलं असतं. फोन लागला की तुम्ही खोलीबाहेर जाऊ नका, शेजारी बसा. संपल्यावर तो रुसेल, काही फेकेल. तेव्हाही तिथंच बसून राहा.