रंग पुढून नाही, खालून उखडतो

प्रश्न : मालवणला समुद्राजवळ आमचं जुनं घर आहे. खिडक्या सागवानी, काचेच्या तावदानांच्या. दर उन्हाळ्यात ऑइल पेंट देतो, तरी गणपती येईपर्यंत झडपांच्या खालच्या भागाचे पोपडे सुटतात. पेंटर म्हणतो, आणखी एक हात द्या. देऊ का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नका देऊ. जाड थर आणखी लवकर सुटेल. आधी झडप उघडा आणि तिच्या खालच्या धारेवरून बोटं फिरवा. बहुतेक ठिकाणी कोरडं, उघडं लाकूड हाताला लागतं, कारण उभ्या माणसाला ती धार दिसत नाही आणि पेंटरचा ब्रश तिथं वळत नाही. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथंच असतात. लाकूड आडव्या अंगानं जेवढं पाणी पितं, त्याच्या कितीतरी पट या टोकांतून ओढून घेतं. झड खिडकीवर आपटते, पागोळ्या धारेशी थांबतात, पाणी आतून वर चढतं. मग उघडीप पडली की ते पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि रंगाला आतून ढकलतं. म्हणून पोपडे खालीच.

माझे वडील सुतार होते. नवी झडप ते आधी उलटी उभी करत आणि पहिला ब्रश खालच्या धारेला लावत. मी आजही तसंच करायला सांगतो.

झडपा बिजागऱ्यांतून काढा. समुद्राकाठच्या लाकडावर मीठ बसलेलं असतं. ते गोड्या पाण्यानं धुवून झडपा सावलीत, वाऱ्यावर चांगल्या सुकू द्या. रंग खरवडताना मात्र सांभाळा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) आणि पाणी वापरा, चांगला मास्क लावा. लहान मुलं आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा. निघालेला चोथा परसात टाकू नका.

प्रायमर टर्पेंटाईननं थोडा पातळ करून टोकांना पाजा. लाकूड पिईल तेवढा द्या, पिणं थांबलं की पुरे. लांबी, म्हणजे फटी-खाचा बुजवायची पुट्टी, त्यानंतरच भरा. उघड्या लाकडावर भरली तर लाकूड तिच्यातलं तेल ओढून घेतं आणि ती तडकते. काचेच्या कडेची लांबी सुकून वर साय धरली की मग रंग. पातळ दोन हात द्या, मध्ये हलका घासा, आणि रंगाची कड काचेवर दोन मिलिमीटर चढू द्या. काच आणि लांबीच्या फटीतून पाणी शिरणं तेवढ्यानं थांबतं. ही रेघ ब्लेडनं ‘साफ’ करणारे पेंटर भेटतात, त्यांना तिथंच अडवा. गज जिथं चौकटीत शिरतो तिथला गंज पूर्ण काढून रेड ऑक्साइड हा गंजरोधक प्रायमर लावा, कारण गंज फुगला की लाकूड चिरतं. पश्चिमेच्या खिडक्या सकाळीच उरका. तापलेल्या लाकडावर रंगाची वरची साय आधी धरते आणि खाली फोड येतात.

पुढे वर्षभर साधा साबण आणि ओलं फडकं पुरतं. धुण्याचा सोडा नको, तो तेलाचा रंग खातो. जूनच्या आधी एकदा ती खालची धार बघा. उघडी दिसली तर तेवढ्यापुरता हात द्या.

प्रश्न : पुण्यातल्या फ्लॅटमध्ये प्लास्टरचं काम निघालंय. ॲल्युमिनिअमच्या खिडक्यांवर सिमेंटचे शिंतोडे उडतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : उडतीलच, आणि सिमेंटचा क्षार पावडर कोटिंगवर, म्हणजे फ्रेमच्या भाजलेल्या रंगाच्या थरावर, कायमचे डाग पाडतो. काम सुरू व्हायच्या आधी फ्रेम प्लास्टिकनं झाका, कडा चिकटपट्टीनं बंद करा. शिंतोडा उडाला तर ओला असतानाच फडक्यानं टिपा. गवंडी ॲसिड सुचवेल. फ्रेमला ते लावू देऊ नका. काम आटोपल्यावर चिकटपट्टी लगेच काढा, उन्हात राहिली तर तिचा गोंद फ्रेमवर बसतो.