पोल व्हॉल्ट आणि पाठीचा बाक

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे, तीन वर्षांपासून पोल व्हॉल्ट (बांबू उडी) करते. हल्ली तिचा उजवा खांदा खाली दिसतो आणि कंबरेचा बाकही वाढलाय. या खेळाने कणा वाकतो का? सराव बंद करू का?

उत्तर : दुखत नसेल तर सराव बंद करू नका, पण खांदा आणि कंबर वेगवेगळे तपासा.

उजव्या हाताची खेळाडू पोल कायम उजव्या बाजूलाच धरते आणि डाव्या पायावरून उडते. त्यामुळे एका बाजूचे स्नायू जास्त ताठर होतात, खांदा उतरतो. तिला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा. वक्रता १० अंश किंवा जास्त असेल तर तो स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं. तो वाढीच्या वयात न खेळणाऱ्या मुलींनाही होतो, त्यामुळे लगेच पोलला दोष देऊ नका.

मला जास्त काळजी कंबरेची वाटते. उडी घेताना हात वर, छाती पुढे आणि उडीचा पाय मागे असतो. हा ताण खुबा, वरची पाठ आणि खांदे यांनी वाटून घ्यायचा असतो. धावून धावून खुब्याचे पुढचे स्नायू आखडले असतील किंवा वरची पाठ ताठ असेल, तर सगळा बाक कंबरेवर येतो. त्यात उडीचा पाय वरच्या हाताच्या सरळ खाली न पडता बॉक्सच्या (पोल रोवण्याच्या खाचेच्या) दिशेने पुढे पडला, तर पोलचा झटका थेट कंबरेत बसतो. बाजूने व्हिडिओ काढला की हे लगेच कळतं. मात्र धाव सुरू करायची खूण मागे नेण्याची घाई नको. शेवटचं पाऊल ताणून टाकायची सवय असेल, तर खूण मागे नेल्यावर ती आणखीच ताणेल. आधी पावलांची लय सुधारा.

रोज एक गुडघा टेकून, ओटीपोट आत घेऊन खुब्याचा ताण द्या : प्रत्येक बाजूला ३० सेकंद, दोनदा. वरच्या पाठीखाली फोम रोलर ठेवून ८ ते १० वेळा मागे झुकावं. कंबर वाकवू नये. साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर शरीर सरळ उचलून धरणं) दोन्ही बाजूंनी सारखाच, २० ते ३० सेकंद.

एका पायावर उभं राहून मागे वाकताना कंबरेत एकाच जागी दुखलं, तर उड्या त्याच दिवशी थांबवा. मणक्याच्या मागच्या कमानीला, बहुधा कंबरेच्या पाचव्या मणक्याला, बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.