ग्रीन कार्ड आल्यावर मुलीसाठी पॅरंट प्लस लोन घ्यावं का?

तुम्ही विचारलंय, वय ५६, ग्रीन कार्ड आत्ताच आलंय, मुलीच्या कॉलेजसाठी पॅरंट प्लस (मुलांच्या शिक्षणासाठी आई-वडिलांच्या नावावर मिळणारं अमेरिकन सरकारचं, म्हणजे फेडरल लोन) घ्यावं का, आणि रिटायर होऊन पुण्याला परतलो तर त्या लोनचं काय होतं.

घेऊ नका. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण सही करू नका.

आम्ही २००० साली एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, न्यू जर्सीत आलो. ह्यांचं वय ४४, मुलगा पाच वर्षांचा. मी ठाण्याला बँकेत होते, ती नोकरी सोडून आले आणि एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, घरी बसले, कारण तेव्हा एच-फोरवाल्यांना कामाची परवानगीच नव्हती (२०१५ ला मिळायला लागली, तीही सगळ्यांना नाही). ह्यांची पहिली कंपनी दोन वर्षांत बंद पडली आणि ग्रीन कार्डचं सगळं काम परत पहिल्यापासून. दर वर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला ७ टक्के, त्यात आपली लाइन किती लांब हे तुम्हाला काय सांगायचं. कार्ड आलं २०१२ ला. मुलगा एकवीसचा व्हायच्या आत, म्हणजे त्यालाही आमच्याबरोबर मिळालं म्हणून आम्ही पेढे वाटले होते.

त्या बारा वर्षांची किंमत आत्ता कळतेय. सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथलं सरकारी पेन्शन, ३५ वर्षांच्या कमाईवर काढतात, जी वर्षं इथे कमावलं नाही ती शून्य धरतात. ह्यांचा जॉब २०१९ ला गेला तोवर १९ वर्षं झाली होती. माझी सुरुवातच २०१२ नंतर, डे-केअरमध्ये.

तर २०१३ ला मुलाला रटगर्सला (न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी) इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांच्या कमी फीवर, मिळालं होतं आणि बॉस्टनच्या एका प्रायव्हेट कॉलेजलाही. मी म्हटलं रटगर्सला जाऊ दे, कमी पडेल तेवढं लोन त्याच्या नावावर, त्याच्यापुढे चाळीस वर्षं आहेत कमवायला, आपल्यापुढे आठ. मोठे दीर डोंबिवलीहून फोनवर म्हणाले, "पोराच्या डोक्यावर कर्ज ठेवणार? आपल्यात असं करत नाहीत." ह्यांनी त्यांचं ऐकलं. फॉर्म एका संध्याकाळी भरून झाला. हे सत्तावन्नचे आहेत, पगार किती, फेडणार कधी, ह्याचा काही विचार नाही, क्रेडिट खराब नाही ना एवढंच बघतात. पहिल्या वर्षी व्याज ६.४१ टक्के, दुसऱ्या वर्षी ७.२१, वर ४ टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात.

चार वर्षांत घेतले १,०४,००० डॉलर. शिकत असताना हप्ता नको म्हणून पुढे ढकलला, ते व्याज मुद्दलात गेलं. मग २५ वर्षांचा प्लॅन, महिना ८११. कोविडमध्ये साडेतीन वर्षं हप्तेही नव्हते आणि व्याजही नव्हतं, २०२२ ला दहा हजार माफ होणार म्हणून फॉर्म भरला, ते सुप्रीम कोर्टाने ३० जून २०२३ ला रद्द केलं. आज शिल्लक १,०८,०००. घेतले त्यापेक्षा जास्त. हप्ते संपतील तेव्हा हे पंचाऐंशी पार झालेले असतील. मुलगा चांगला आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो, पण लोन कागदावर ह्यांचंच, फेडरलमध्ये ते मुलाच्या नावावर करताच येत नाही. दिरांना हे मी दोनदा समजावून सांगितलं, ते म्हणतात मुलगा देतोय ना मग झालं. नाही झालं. कर्तव्य म्हणून सही केली ती ह्यांनी, आणि सत्तरीला आले तरी वेअरहाऊसमध्ये उभे राहतायत तेही हेच.

हप्ते चुकवून सुटका होईल असंही समजू नका. दिवाळखोरीतही हे लोन सहसा सुटत नाही, आणि हप्ते थकून डिफॉल्ट झालं तर कायद्याने सोशल सिक्युरिटीतून १५ टक्क्यांपर्यंत कापता येतात, महिना ७५० डॉलर तुमच्या हाती सोडून. लोन जुनं झालं म्हणूनही सुटत नाही, २००५ ला लॉकहार्ट केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तसा निकाल दिलाय. २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारने ही कापाकापी थांबवली होती, पण कायदा तोच आहे.

मुलीला आधी स्वतःचं फेडरल लोन घेऊ दे, पहिल्या वर्षी ५,५०० मिळतं. तुमचा प्लसचा अर्ज क्रेडिटवरून नाकारला गेला तर तिला ९,५०० पर्यंत मिळतं, हे फार जणांना माहीत नसतं. उरलेल्यासाठी स्टेट कॉलेज.

आता एक सांगायला हवं, आम्ही घेतलं तेव्हा रकमेला मर्यादाच नव्हती, कॉलेज सांगेल तेवढं मिळायचं. १ जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० एवढंच, म्हणजे तुम्ही आमच्याइतके खोल जाणार नाही. पण त्या तारखेनंतरच्या प्लस लोनला उत्पन्नावर हप्ता ठरवायचा मार्गच ठेवलेला नाही. तुमचं घर फिटलेलं असेल, रिटायरमेंटचे पैसे बाजूला असतील तर थोडं घ्या, मी वकील नाही.

पुण्याचं राहिलंच. तिथे गेलात तरी लोन तुमच्या मागे येणार, तेच हप्ते, फक्त रुपयांतून डॉलर करून भरायचे. ज्याच्या नावावर आहे तो गेला की माफ होतं, मुलीवर येत नाही. ह्यांना हे माहीत आहे आणि हल्ली जेवताना बोलून दाखवतात, तेव्हा मी उठून आत जाते.