नास्तिक, अज्ञेयवादी आणि हातातून निसटणारा वाम

तासगावच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "'नास्तिक' आणि 'अज्ञेयवादी' यांत नेमका फरक काय? एकच माणूस दोन्ही असू शकतो का?"

असू शकतो. देव आहे असं मानता का, याला 'नाही' म्हणणारा आजच्या मराठीत नास्तिक. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकतं का, याला 'नाही' म्हणणारा अज्ञेयवादी. पहिला प्रश्न मानण्याचा, दुसरा जाणण्याचा. 'कळू शकत नाही, म्हणून मानत नाही' म्हणणारा एकाच दमात दोन्ही असतो. 'कळायचं नाही, तरी मानतो' म्हणणारे तर घरोघरी आहेत.

म्हणूनच 'छे हो, मी नास्तिक नाही, अज्ञेयवादी आहे' हे सांगलीच्या विश्रामबागेपासून साताऱ्याच्या राजवाड्यापर्यंत ऐकू येणारं वाक्य माझ्या कानाला टोचतं. अज्ञेयवाद हा नास्तिकपणाचा सौम्य डोस आहे, पाहुण्यांसमोर चालून जाईल असा, ही समजूत त्यामागे असते. आरतीला उभं न राहणाऱ्या पोराला आई 'नास्तिक झालाय मेला' म्हणते ते सोडून देऊ, आईला तो अधिकार आहे. पण भाषणं करणाऱ्यांचं काय? अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा दिसला की नास्तिकाचा शिक्का तयार. आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं सांगत राहिले की समितीचा विरोध देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, देव मानण्याला नाही. ऐकायचंच नाही म्हटल्यावर शब्द तरी काय करणार!

आता खरी गंमत. 'नास्तिक' या शब्दात देव कुठेच नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, सगळं दैवाधीन मानणारा तो दैष्टिक. काय आहे आणि काय नाही? पाणिनी सांगत नाही. त्याच्या सूत्रांवरची टीका, काशिकावृत्ती, सांगते: परलोक. मेल्यानंतर काही आहे असं मानणारा आस्तिक, उलट मानणारा नास्तिक. मनुस्मृतीने मात्र 'नास्तिको वेदनिन्दकः' म्हणून शब्द वेदांच्या दाराशी नेऊन बांधला आणि पुढच्या पंडितांनी तीच व्याख्या प्रमाण धरली. मला ती कधीच पटली नाही. मत सांगणाऱ्या शब्दाची तिने शिवी केली. त्या व्याख्येने विश्वकर्त्या ईश्वराची गरज नसलेलं सांख्य दर्शन आस्तिक ठरतं, पूर्वमीमांसाही आस्तिक ठरते, आणि जैन मात्र नास्तिक!

सांगलीत राहणाऱ्याने हा घोळ सहन करूच नये. इथे गल्लोगल्ली जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिरं, आहेत. सकाळी अभिषेक करून शेतावर जाणारा आमचा शेजारी कर्म मानतो, पुनर्जन्म मानतो, मोक्ष मानतो, जग निर्माण करणारा ईश्वर तेवढा मानत नाही. काशिकेच्या मापाने तो चोख आस्तिक. जैन आचार्य हरिभद्रसूरींनीही षड्दर्शनांचा आढावा घेताना जैन आणि बौद्धांना आस्तिकवाद्यांतच बसवलं आहे. अशा माणसासाठी मराठीत 'निरीश्वरवादी' हा नेमका शब्द असताना कोशांनी 'नास्तिक म्हणजे देव न मानणारा' एवढ्यावर थांबावं, हा आळस आहे.

आणि ज्या 'परलोक आहे का' या प्रश्नावर हे दोन शब्द उभे आहेत, त्याच प्रश्नावर आपला एक फार जुना अज्ञेयवादी भेटतो. बुद्धाच्या काळातला संजय बेलट्ठिपुत्त. बौद्धांच्या दीघनिकायात मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धाला सांगतो, मी संजयाला विचारायला गेलो. संजयाचं उत्तर असं: परलोक आहे असं वाटलं असतं तर तसं सांगितलं असतं, पण असं मी म्हणत नाही, तसंही म्हणत नाही, वेगळंही म्हणत नाही, 'नाही' असंही म्हणत नाही, आणि 'नाही असं नाही' असंही म्हणत नाही. अस्ति म्हणाला नाही, नास्तिही म्हणाला नाही. दोन्ही शब्दांच्या मधली जागा त्याने अडवली.

या बोलण्याला पालीत नाव आहे 'अमराविक्खेप'. अट्ठकथा, म्हणजे पालीतली जुनी टीका, त्याचे दोन अर्थ देते. एक, न मरणारं, म्हणजे कधी न संपणारं बोलणं. दुसरा, अमरा नावाचा मासा, जो पाण्यात वर-खाली सुळसुळत राहतो आणि हाती लागत नाही. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याचा ईल केला. मी वाम म्हणतो. सांगलीच्या माईघाटावर कृष्णेतला जिवंत वाम कुणी धरताना पाहा: हाताला राख फासल्याशिवाय तो ठरत नाही, शेपटाकडून आवळला की डोक्याकडून सुटतो. 'न मरणारं' हा अर्थ पंडिती वाटतो. हिणवण्यासाठी पडलेलं नाव नदीकाठीच पडलं असणार, हे माझं ठाम मत आहे. जैनांच्या सूत्रकृतांगात अशांना 'अज्ञानवादी' म्हटलं आहे आणि परंपरा त्यांचे ६७ प्रकार मोजते. अज्ञेयवाद ही साहेबाकडून आलेली चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. नाहीतर ऋग्वेदाचं नासदीय सूक्त वाचावं. सृष्टी कुठून आली हे परम व्योमातला तिचा अध्यक्ष जाणतो, 'यदि वा न वेद', किंवा तोही जाणत नसेल. आपण सहज 'देव जाणे' म्हणतो, तिथे ऋषी देवाच्या जाणण्यावरच शंका घेतो आहे.

साहेबाचा शब्द मात्र कोवळा आहे. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी 'अग्नॉस्टिक' १८६९ मध्ये घडवला. त्यातला 'अ' आणि आपला नकारार्थी 'अ' एकाच मुळाचे, 'ग्नो' आणि 'ज्ञा' सख्खी भावंडं. (देव या अर्थाचा ग्रीक 'थिऑस' आणि आपला 'देव' मात्र भावंडं नव्हेत. देवाचं भावंड लॅटिन 'देउस'. हे दोन शब्द एकत्र बांधणारे लेख कृपया कुणी पाठवू नयेत.) म्हणजे 'अग्नॉस्टिक'चा जुळा शब्द 'अज्ञ'. पण मराठीत अज्ञ म्हटलं की माणूस रागावतो, आणि 'अज्ञानवादी' तर कुणी स्वतःला म्हणवून घेणार नाही. म्हणून 'अज्ञेय' आला. इथेच अर्थ सरकला. पेय म्हणजे पिण्याजोगं, गेय म्हणजे गाण्याजोगं, तसं ज्ञेय म्हणजे जाणता येण्याजोगं. अज्ञेय म्हणजे जे कधी जाणताच येणार नाही ते. हक्सलेंचा आग्रह एवढाच होता की पुराव्याशिवाय 'मला माहीत आहे' म्हणू नका. 'कधीच कळणार नाही' हा दावा इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांचा. त्यांच्या १८६२ च्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचं नावच 'द अननोएबल', शब्दशः 'अज्ञेय'. माझा तर्क असा की आपला मराठी शब्द हक्सलेंच्या नावावर खपत असला तरी त्याच्या अंगावर कपडे स्पेन्सरचे आहेत. आपल्या सुधारकांच्या वाचनात स्पेन्सर किती होता हे पाहिलं की तो मला आणखीच पटतो.

कराडजवळचं टेंभू म्हटलं की आता लोकांना उपसा योजना आठवते. १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर तिथे जन्मले. जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेला हा माणूस. पुण्यात विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांना धर्मबुडवा नास्तिक समजून. अभ्यासक पुढे त्यांना अज्ञेयवादी म्हणू लागले. तेव्हा ताई, तुमचा 'अज्ञेयवादी' हा शब्द आगरकरांना बेतून शिवल्यासारखा बसतो. हक्सलेंना तो जरा ढगळच होतो.