मागावरच्या हातांचे फोटो

पैठणहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावीला. कॉलेज सुटलं की गल्लीतल्या पैठणीच्या मागांवर जाऊन विणकरांचे फोटो काढत बसतो. वडील म्हणतात, बी.कॉम. कर, फोटो काढून पोट भरतं का?

ताई, नमस्कार.

पाठवलेले फोटो मी सावकाश पाहिले. अर्धा विणलेला पदर, ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पसरलेल्या रंगीत तिल्ल्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या, आणि मधे एका बाईंची बोटं, हा फोटो डोळ्यांसमोरून हलत नाही. या लेकराला नजर आहे.

त्या नजरेचं मोल वडिलांना असं सांगा. मोबाईलवर यंत्रमागाची साडी आणि हातमागाची पैठणी जवळपास सारखीच दिसते. हातमागावर नक्षीतल्या प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी असते आणि रंग जिथे बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्राच्या नकलेत मागे सुटे धागे राहतात किंवा कापलेले दिसतात. लांबचं गिऱ्हाईक हात लावून बघू शकत नाही. त्याला उलटी बाजू आणि विणणारे हात दाखवले, तरच किंमत पटते. तुमचा मुलगा नेमकं हेच टिपतोय.

एक सुधारणा हवी. समोरून फ्लॅश मारला की जरीचे धागे पांढरे पडतात. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्यावा आणि ट्यूब बंद ठेवावी. नवा कॅमेरा इतक्यात घेऊ नका.

आता पोटाचं. फक्त विणकरांच्या कामावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला लग्नं आणि दुकानांच्या मालाचे फोटो करावेच लागतील. शिक्षण मात्र याच वाटेचं घ्यावं. उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची असते, तीत फोटोग्राफी शिकवतात आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. प्रवेशाच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढावं लागतं. म्हणजे पेन्सिल आजच हातात घ्यायला हवी. बरीच मुलं इथेच मागे पडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक, आणि हे त्याला स्वतःला वाचून दाखवा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्याचा पहिला मालक काम देणारा ठरतो; वेगळं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून काम लहान असलं तरी दोन ओळी लिहून घ्याव्यात. माग दुसऱ्याचा असतो हेही त्याने विसरू नये. ऑर्डरची नवी नक्षी साडी पोचायच्या आधी कुठे टाकायची नाही, आणि ज्या बाईंचे हात टिपले त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

येत्या रविवारी वडिलांना त्या मागावर घेऊन जा. विणकरांना त्यांच्यासमोरच विचारा, या फोटोंचे किती देणार?