कंबरेतली नस दबली असेल तर पायाची करंगळी का बधिर होते?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या एमआरआयमध्ये 'एल ५–एस १ ला नस दबली आहे' असं आलंय, पण त्यांची कंबर फारशी दुखत नाही. बधिर आहे ती डाव्या पायाची करंगळी आणि पावलाची बाहेरची कड. मग रिपोर्ट चुकला का, आणि ही मज्जासंस्था असते तरी कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही सांगताय त्यावरून रिपोर्ट आणि करंगळी दोन्ही एकच गोष्ट सांगताहेत.

आधी 'नस' या शब्दाचा घोळ सोडवू. पिंढरीत गोळा आला की आपण 'नस चढली' म्हणतो, तो स्नायूचा पेटका. सलाईन लावताना 'नस सापडेना' म्हणतो, ती रक्तवाहिनी. कंबरेत दबते ती तिसरीच: मज्जातंतूंची जुडी. शाळेच्या पुस्तकात तिला चेता म्हणतात. ती पोकळ नसते, तिच्यातून रक्त वाहत नाही. मज्जापेशींचे लांब धागे तिच्यात एकत्र बांधलेले असतात. तुमच्या वडिलांच्या करंगळीतून निघालेला असा एक धागा थेट पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो. म्हणजे एका पेशीची लांबी जवळजवळ एक मीटर! इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना मला अजून नवल वाटतं.

आता मांडणी. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. मेंदू कवटीत, मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीत, आणि दोघांभोवती तीन आवरणं व त्यांत पाण्यासारखा द्रव. त्यातून बाहेर पडणाऱ्या नसा म्हणजे परिघीय मज्जासंस्था: मेंदूतून १२ जोड्या, मज्जारज्जूतून ३१ जोड्या. या ३१ पैकी मानेच्या ८, छातीच्या १२, कंबरेच्या ५, त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या तिकोनी हाडाच्या) ५ आणि माकडहाडाची १. तुमच्या रिपोर्टमधला 'एल' म्हणजे कंबर, 'एस' म्हणजे त्रिकास्थी. हृदयाचे ठोके, आतडी, घाम यांची व्यवस्था बघणारी स्वायत्त संस्था याच वाटा वापरते, पण आज तिच्यात शिरत नाही.

प्रत्येक जोडीला शरीराचा आपापला मुलूख वाटून दिलेला आहे. मानेच्या सहाव्या नसेकडे हाताचा अंगठा, आठवीकडे हाताची करंगळी. एल ५ कडे पावलाची वरची बाजू आणि पायाचा अंगठा, तर एस १ कडे पायाची करंगळी आणि पावलाची बाहेरची कड. कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या खालची गादी मागे सरकली की बहुतेक वेळा एस १ च सापडते. तुमच्या वडिलांचं तेच झालेलं दिसतंय.

पण चिमटा कंबरेत बसलेला असताना तक्रार पायाची का? आपल्याकडच्या ऊसवाल्याला हे लगेच कळतं. टेलच्या वावराला पाणी येईना, तर तो वावर खणत बसत नाही, पाट कुठं तुंबलाय ते वर जाऊन बघतो. मात्र नसेत वाहतूक दोन्ही दिशांनी असते. हुकूम मज्जारज्जूच्या पुढच्या मुळातून बाहेर जातो, संवेदना मागच्या मुळातून आत येते. शिवाय संदेश वाटेत नेमका कुठं उपजला हे मेंदूला कळत नाही. धागा करंगळीचा असेल तर तो ती बातमी करंगळीचीच समजतो. कोपर दारावर आपटलं की हाताच्या करंगळीपर्यंत करंट जातो ना, तसंच हे.

एका तालमीतला मुलगा माझ्याकडे आला होता. "मॅडम, अंगठा मेल्यागत झालाय बघा." महिनाभर तो अंगठ्यालाच तेल चोळत होता. दुखणं होतं मानेत, सहाव्या नसेच्या मुळाशी. मानेवर उपचार सुरू केल्यावर अंगठा हळूहळू जागा झाला. तो वाया गेलेला महिना मला फार लागतो, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय. तुम्हीही वडिलांचं पाऊल रगडत बसू नका, आणि 'नस बसवून' घ्यायला कंबरेला हिसके तर मुळीच देऊ नका.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मज्जारज्जू कंबरेच्या खालच्या मणक्यांपर्यंत पोचतच नाही. तो साधारण ४५ सेंटीमीटर लांब असतो आणि मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, कारण वाढत्या वयात मणक्यांचा कणा त्याच्यापेक्षा जास्त लांब होतो. त्याच्या खाली फक्त नसांची मुळं लोंबत असतात, अगदी घोड्याच्या शेपटासारखी, आणि वैद्यकात त्यांना नावही तेच आहे. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ते भुलीचं इंजेक्शन म्हणूनच खाली देतात. तिथं मज्जारज्जू नसतो आणि मुळं सुईपासून सहसा बाजूला सरकतात.

पण ही शेपटीच गादीखाली चेंगरली तर मात्र वेळ घालवू नये. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या आतली आणि बसण्याची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. उशीर झाला तर हे नुकसान कायमचं राहू शकतं.

तसं काही नसेल तर घरी एक गोष्ट बघा. वडिलांना भिंतीला हात टेकून एका पायावर उभं करा आणि टाच उचलायला सांगा, आधी उजवी, मग डावी. जवळ उभे राहा, तोल जाऊ शकतो. पिंढरीला टाच उचलायचा हुकूम मुख्यतः एस १ मधूनच जातो. दोन्हीकडे सारखं जमलं तर फक्त संवेदनेचे धागे दुखावलेत असं समजायला जागा आहे, आणि बहुतेकांना व्यायामानं व वेळेनं आराम पडतो. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, त्याला महिने लागले तरी घाबरू नका. डावी टाच उचलत नसेल, तर याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि रिपोर्ट पुढे करायच्या आधी ही टाचेची गोष्ट सांगा.